गोगलगायीने दाबलेली घंटी

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. शाळा सुटल्याची वर्दी देणारी ती मोठी नव्हे. वरचं बटण दाबलं की ‘टिंग’ करणारी, मुठीएवढी. कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, डोक्यावर चकचकीत टोपी चढवली. मला वाटलं, आता एखाद्या साहेबाच्या टेबलावर मिरवायचं. नशिबी आला पाचवीचा वर्ग.

पण तिथे माझा थाट काही कमी नव्हता. दर आठवड्याला शेवटच्या तासाला बाई प्रश्नमंजुषेचा खेळ घ्यायच्या. खिडकीकडची मुलं विरुद्ध दाराकडची. दोन्हीकडचा एकेक गडी स्वतःचे कान धरून माझ्यासमोर उभा राहायचा. प्रश्न संपला की कान सोडायचे आणि मला दाबायचं. जो आधी वाजवेल, त्याने उत्तर द्यायचं. ज्यांची पाढ्यांच्या नावाने बोंब होती, तीही या खेळापायी अभ्यासाला लागली. मला मात्र दणादण बुक्के बसत. कौतुकाच्या भरात मी ते सोसले.

खिडकीकडे एक अबोल मुलगी होती. सगळे तिला गोगलगाय म्हणत. तिला उत्तर यायचं, कारण तिचे ओठ हलताना मी बघायचे. पण तिचा हात माझ्यावर येऊन थबकायचा आणि तेवढ्यात दुसऱ्याचा बुक्का पडायचा.

एकदा दोन्ही गट बरोबरीत आले आणि शेवटची पाळी तिची आली. बाईंनी कागदावरून प्रश्न वाचला, “आपली सावली सगळ्यात लहान कधी असते?”

तिने कान सोडले आणि मला दाबलं. अगदी आधी! तिचा घामेजलेला तळवा मला आजही आठवतो. पण बुक्के खाऊन खिळखिळी झालेली माझी स्प्रिंग नेमकी तेव्हाच अडकली. मी जिवाचा आटापिटा केला, पण आवाज फुटेना. मग दाराकडच्या मुलाचा बुक्का पडला आणि त्या दणक्याने मी खणखणीत वाजले.

“बाई, मी आधी दाबली होती,” ती म्हणाली.

“दाबली असतीस तर वाजली असती ना, बाळा,” बाई मायेनेच म्हणाल्या.

त्या मुलाचं उत्तर बरोबर आलं आणि दाराकडच्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. त्यानंतर तिची पाळी आली की ती कान धरून उभी राहायची. प्रश्न संपायचा, पण तिचे कान सुटायचे नाहीत.

आता मी कपाटात खडूच्या तुकड्यांत पडून आहे. मित्रांनो, माझ्यासारखीला जरा हळू दाबा. आणि घंटी वाजली नाही, तर तिच्यावर कोणाचा हात आहे तेवढं बघा. मला सांगता येत नाही.