अठरावा गडी

"अगं, वाढ त्याला अजून एक. ताट बघ कसं चाटूनपुसून ठेवलंय," लक्ष्मीकांत सोहोनी म्हणाला, आणि सुप्रभाने किनोशिताच्या ताटात सातवी पुरणपोळी वाढली. वर तुपाची धार.

किनोशिता अठरा वर्षांचा, काडीपैलवान. त्याने मान लववली आणि घास तोंडात घातला. घाम कानामागून मानेवर उतरत होता. जपानमधल्या उरायासुतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्याच्यासारखी आणखी चार पोरं गुडघे मुडपून बसली होती, आणि सगळ्यांची ताटं लख्ख.

ही पोरं क्लबात ओढायची होती. क्लब अमेरिकन फुटबॉलचा, जपानी पोरं त्याला अमेफुटो म्हणतात. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर रेड्यासारखं धावून जायचा खेळ. लक्ष्मीकांतचा आणि त्याचा काय संबंध? काही नाही. तो इचिकावातल्या एका विद्यापीठात माती शिकवायचा. मोठ्या भूकंपात उरायासुची भरावाची जमीन पातळ चिखलासारखी का झाली, हे शोधायला दुसऱ्याच वर्षी इथे आलेला माणूस. खेळाचं म्हणाल तर मिरजेच्या शाळेत खो-खोच्या वेळी सगळ्यांच्या चपला राखायचा, एवढाच अनुभव. पण गेल्या वर्षी मीटिंगमध्ये 'या क्लबचे प्रमुख कोण होणार' असा प्रश्न आला, तेव्हा झाडून सगळे प्राध्यापक टेबलाकडे बघायला लागले. अशा वेळी टेबलाकडे बघायचं असतं, हे याला कुणी सांगितलंच नव्हतं. हा आपला वर बघत राहिला. झाला प्रमुख.

आणि खरं सांगायचं तर मनातून हरखला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला संघात घेतलं होतं.

पण संघ होता कुठे? गडी उरले होते चौदा. लीगचा नियम असा की मे महिना संपायच्या आत अठरा नावं द्या, नाहीतर घरी बसा. एप्रिलमध्ये नवी मुलं आली की जुनी मुलं त्यांना खाऊ घालून आपापल्या क्लबात ओढतात, ही तिथली रीत. कॅप्टन मोरिता, दाराएवढा रुंद पोरगा, ऑफिसात येऊन तोंड पाडून उभा राहिला होता. सरांना तिकडे सेन्सेई म्हणतात.

"सेन्सेई, रग्बीवाले मांस भाजून घालतायत. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातले भाताचे गोळे वाटले. मुलांनी ते घेतले, आभार मानले आणि रग्बीत गेली."

"घरी आण सगळ्यांना," लक्ष्मीकांत म्हणाला होता. खाऊ घालण्यात मिरजकरांना कोण हरवणार?

आठवी पोळी ताटात पडणार, एवढ्यात चैत्राली आतून आली. बारा वर्षांची लेक, इथेच जन्मलेली.

"आई, स्टॉप. दे कान्ट स्टॉप."

"म्हणजे?"

"जपानी लोक ताटात टाकत नाहीत. ते संपवतात, तू भरतेस. ते संपवतात, तू भरतेस. दे विल डाय, आई."

सुप्रभाचा हात तसाच हवेत राहिला. "मग तोंडाने पुरे म्हणायचं ना."

"पुरे म्हटलं की तू दोन जास्त वाढतेस."

चैत्रालीने पोरांना जपानीत समजावलं की या घरात पोट भरलं तर ताटात थोडं ठेवायचं. पाची जणांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने त्यांना चोरी करायला सांगितली. शेवटी किनोशिताने ती आठवी पोळी ताटात घेऊन तिचे दोन भाग केले, अर्धा खाल्ला, अर्धा ताटाच्या कडेला सरकवला आणि त्या अर्ध्या पोळीला वाकून नमस्कार केला. तिची माफीही मागितली.

दुसऱ्या दिवशी पाचही पोरांनी अर्ज भरले. इतकं खाल्ल्यावर नाही कोण म्हणणार? एकोणीस झाले. रग्बीवाले मोरिताला विचारायला लागले, तुमचा सेन्सेई घालतो तरी काय.

पोरं आणणं सोपं, टिकवणं महाकठीण. दोन आठवड्यांत एकाच्या आईचा फोन आला आणि तो टेनिसला गेला. उरले अठरा. त्यातला किनोशिता समोरून कुणी धावत आलं की डोळे मिटून घ्यायचा. हा पुढचा जाणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. मग सुप्रभाने डबा सुरू केला. दर गुरुवारी दोन पुरणपोळ्या. दर शुक्रवारी डबा धुऊन, पुसून, रुमालात बांधून परत. एक डबा गेला की पोरगं आणखी एक आठवडा बांधलं जायचं. लक्ष्मीकांतला हे पक्कं कळत होतं, तरी डबा तोच न्यायचा.

मेचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. बारापर्यंत यादी पाठवायची होती. दहा वाजता किनोशिता आला आणि त्याने डबा टेबलावर ठेवला. लक्ष्मीकांतने उचलला तर आत काहीतरी सरकलं. त्याने झाकण काढलं.

आत पांढऱ्या कागदावर अर्धी पोळी होती.

किनोशिताची मान खाली. कानाच्या पाळ्या लालबुंद.

"आवडली नाही?"

"फार छान होती."

"बॉलची भीती वाटते?"

"बॉलची नाही. माणसांची." मग म्हणाला, "मला रेल्वेच्या क्लबात जायचं होतं. ते गाड्यांचे फोटो काढतात."

लक्ष्मीकांतच्या जिभेवर एकच वाक्य होतं, 'काकूंना मी काय सांगू?' एवढं म्हटलं असतं तर पोरगं चार वर्षं हाडं मोडून घेत राहिलं असतं. समोर सतरा नावांची यादी होती, अठरावं लिहायचं बाकी होतं. ते नाही लिहिलं तर संघ संपला, आणि तो पुन्हा चपला राखणारा.

दारामागे खुंटीवर एक जुना करडा कोट होता. पहिल्यांदा इथे आला त्या फेब्रुवारीत हा नुसता स्वेटर घालून विमानातून उतरला, तेव्हा त्याला नोकरीवर बोलावणाऱ्या हायाशी-सेन्सेईंनी स्वतःच्या अंगातला काढून दिलेला. पुढे पुण्याहून दोनदा नोकरीचं पत्र आलं. दोन्ही वेळा हा राजीनामा लिहून ऑफिसात आला, कोटाकडे बघितलं आणि कागद फाडून टाकला. दुसऱ्या वेळी तर मिरजेला आई अंथरुणावर होती. ती गेली तेव्हा हा पोचलासुद्धा नाही.

"जा," तो म्हणाला. "फोटो चांगले काढ."

किनोशिता वाकला तो किती वेळ वर आलाच नाही. मग एकदाचा गेला.

लक्ष्मीकांतने मोरिताला फोन लावून सांगितलं.

"सेन्सेई, त्याला पुन्हा एकदा जेवायला बोलावलं तर?"

"नको. त्याचं पोट भरलंय."

"मग पुढच्या एप्रिलच्या तयारीला लागू," मोरिता म्हणाला. मोरिता पुढच्या मार्चमध्ये पदवी घेऊन जाणार होता. लक्ष्मीकांतला एकदम रडायला आलं.

बारा वाजून गेल्यावर त्याने ती अर्धी पोळी उभ्याउभ्याच खाल्ली. डबा बेसिनवर धुतला, पुसला, रुमालात बांधला.

"अठरा झाले का?" घरी गेल्यागेल्या सुप्रभाने विचारलं.

"सतराच. एक पोरगा गेला. त्याला रेल्वेची आवड होती."

"असली कसली आवड. आणि माझा किनोशिता? पोळ्या संपवल्या त्याने?"

लक्ष्मीकांतने डबा पुढे केला. तिने उघडून बघितला. लख्ख.

"संपवल्या," तो म्हणाला.

"बघा, पोराला आवडतात. पुढच्या गुरुवारी चार देते."

"दे," लक्ष्मीकांत म्हणाला.

पुढच्या शुक्रवारीही डबा धुऊन, पुसून, रुमालात बांधून घरी आला. आत काही उरलेलं नव्हतं.