शेपटाच्या गाडीतला उमाशंकर

बुजगावण्याला पँट घालणं वाटतं तितकं सोपं काम न्हाय. एक तर त्याला गुडघे नसतात. मेव्हण्याच्या शाळूतनं उपटून आणलेला हा गडी नुसता काठीवर उभा, अन् जीपच्या शिटावर बसायचं म्हणजे पाय मोडलेच पाहिजेत. मल्लिनाथनं भूमच्या आपल्या बॅटरीच्या दुकानात शटर अर्धं ओढून घेतलं, पँटीत कडबा कोंबला, सुतळीनं गुडघे आवळले, मडक्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, मफलर गुंडाळला, वर काळा गॉगल. मग जाकीट.

जाकीट मल्लिनाथच्या दोस्ताचं, महेबूबचं होतं. जीपच्या मागच्या शिटाखाली कधीपासनं पडून होतं, अन् अजून त्याला ग्रीसचा वास येत होता. मल्लिनाथनं चेन गळ्यापर्यंत ओढली.

"हे बघ उमाशंकर, आजपासनं तू माजा चुलतभाऊ. मुरुम गावचा. लई लाजाळू. घसा बसलाय तुजा, कळलं?"

उमाशंकर गप्प राहिला. मल्लिनाथला तो तिथंच पसंत पडला.

ह्या सगळ्या उपद्व्यापाचं मूळ म्हणजे राजस्थानचं वाळवंट. धाराशिव जिल्ह्यातल्या हौशी जीपवाल्यांचा एक ग्रुप होता, नाव 'डोंगरवाले'. रविवार आला की ही मंडळी धड रस्ता सोडून बालाघाटाच्या डोंगरात गाड्या घालायची, आपटून घ्यायची, अन् सोमवारी कंबर धरून कामाला जायची. जानेवारीत सगळ्या गाड्या वाळवंटात चालल्या होत्या. मल्लिनाथनं उभ्या आयुष्यात दगड, मुरूम, चिखल सगळ्यात जीप घातली होती, पण वाळूत न्हाय. झोपेत त्याला वाळूचे डोंगर दिसायचे अन् सकाळी उठून तो चपला झटकायचा.

पण ग्रुपची म्होरकी शिवकन्या. धाराशिवात ट्रॅक्टरची एजन्सी चालवणारी बाई, मल्लिनाथपेक्षा वयानं लहान, पण तिनं नजर वर केली की गडी माणसं सीट बेल्ट लावायची. तिचा नियम एकच: प्रत्येक गाडीत ड्रायव्हर अन् एक 'उतऱ्या'. उतऱ्या हा ग्रुपचाच शब्द. चढण आली की हा माणूस खाली उतरतो, पुढं जाऊन हातानं खुणा करतो. डावं घे, उजवं सोड, थांब. ड्रायव्हरला चढावर नुसतं बॉनेट अन् आभाळ दिसतं, जमीन दिसते ती उतऱ्याला. गाडी अडकली तर चाकाला दगड लावायचा तोही त्यानंच. उतऱ्या नसेल तर वाळवंट न्हाय. अन् आज भूमच्या माळावरनं डोंगर चढून येरमाळ्याला उतरायचं, हीच शेवटची परीक्षा.

मल्लिनाथचा उतऱ्या होता महेबूब, येरमाळ्याचा, हायवेवर गॅरेजवाला. ह्यानं स्टेअरिंग धरायचं, त्यानं पुढं चालायचं, अशी अर्धी जिंदगी गेली. मग महेबूबचा मणका सरकला. डॉक्टर म्हणाले, जीप सोडा, बैलगाडीतसुद्धा बसायचं न्हाय. मल्लिनाथ एकदाच बघायला गेला. सून अनिसा धरून खुर्चीतनं उठवत होती त्याला, कमरेला हा भला रुंद पट्टा. मल्लिनाथ म्हणाला, "कुस्ती मारली व्हय रे? गदा कुटाय?" कुणीच हसलं न्हाय. तेव्हापासनं येरमाळ्यावरनं जाताना तो जीप जरा जोरातच काढायचा.

दुसरा उतऱ्या शोधायला त्यानं अख्खं भूम पालथं घातलं. पण मल्लिनाथ कसला माणूस? ह्यानंच चहावाल्या माणिकप्पाच्या साखरेत मीठ मिसळलेलं. आवाज बदलून फोन करून अर्ध्या बाजारपेठेला कलेक्टर ऑफिसला पळवलेलं.

"माणिकप्पा, रविवारी गाडीत बसतो का? नुसतं उतरायचं अन् चढायचं."

"अन् मी उतरलो की तू गाडी घिऊन पसार. जा तिकडं!"

सगळीकडं तेच. खरं सांगितलं तरी लोक आधी खिसा चाचपायचे, मग हसायचे. बायको पुण्याला लेकीकडं नातू सांभाळायला गेलेली, ती तिकडंच रमलेली. फोनवर म्हणाली, "गाडीत बसायला मी सापडले व्हय? जेवलात का?" जेवलो म्हणाला. तेही खोटंच.

म्हणून उमाशंकर.

माळावर गाड्या जमल्या. मल्लिनाथ लांबच उभा राहिला अन् वॉकीटॉकीवर बोलला, "ताई, मी शेपटाला राहतो. जुनी जीप हाय, धूर खाल तुमी."

ग्रुपमधी शेवटच्या गाडीला शेपूट म्हणायचे. प्रत्येकानं आरशात मागची गाडी बघत चालायचं, दिसली न्हाय तर थांबायचं. शेपटाच्या आरशात मात्र कुणीच नसतं.

"काका, तुमचा उतऱ्या कोण?" शिवकन्यानं विचारलं.

"चुलतभाऊ. उमाशंकर."

"द्या त्यांच्याकडं."

मल्लिनाथनं वॉकी दुसऱ्या हातात घेतला, जणू खरंच कुणाकडं दिलाय, अन् बारीक, किनरा आवाज काढला, "व्हय ताई. घसा बसलाय जरा. नमस्कार बगा!"

त्यानं सुतळी ओढली. लांबनं उमाशंकरचा हात खिडकीबाहेर हलला. पुढच्या गाडीतल्या सुरजनं पण हात केला. मल्लिनाथला गुदगुल्या झाल्यागत झालं.

पहिला टप्पा मजेत गेला. पवनचक्क्यांच्या खालनं, बाभळी वाचवत, ओढ्याच्या गोट्यांवरनं. पुढच्यांचा धुरळा सगळा शेपटावर. वॉकीवर गप्पा चाललेल्या. कुणाच्या डब्यात काय, वाळवंटात थंडी किती, तंबू कुणाचा. मल्लिनाथनं एक कोटी सोडली. पण त्याच वेळी दुसरं कुणी बोललं अन् ती वाऱ्यावर गेली. त्यानं ती शेजारी सांगितली.

"ऐकलंस का उमाशंकर?"

खड्डा आला, उमाशंकरनं मान डोलावली.

महेबूब असता तर म्हणाला असता, "हसायला सांग कधी ते." अन् गिअर टाकताना हाताला त्याचा गुडघा लागला असता. आज लागला तो कडबा.

मग आली सोंड. डोंगराची उभी, अरुंद चढण, डाव्या अंगाला घळ. एकेका गाडीचा उतऱ्या पुढं गेला, हात हलले, गाड्या वर जाऊन वळणाआड दिसेनाशा झाल्या.

"शेपूट," शिवकन्याचा आवाज आला, "उमाशंकरभाऊंना उतरवा, मग या. घाई नको."

"उतरवलं," मल्लिनाथ म्हणाला.

त्यानं पहिला गिअर टाकला. वाट त्याला पाठ होती, हजारदा चढलेली. पण पाठ होत्या त्या महेबूबच्या हाताच्या खुणा, हे त्याला अर्ध्यावर कळलं. समोर बॉनेट, वर आभाळ. डावं घ्यावं की सोडावं? त्यानं घेतलं. जीप डावीकडं कलली, खालनं माती घरंगळल्याचा आवाज आला, अन् पुढचं चाक रिकामं फिरायला लागलं.

त्यानं ब्रेकवर पाय रोवला. इंजिन बंद पडलं.

आता बघा फजिती. हातब्रेक नुसता नावाला, अन् गिअर उतारावर उडायचा. पाय काढला की जीप मागं, मागं म्हणजे घळीत. एक दगड पाहिजे मागच्या चाकाला. बस, एक दगड. उमाशंकर घरंगळत आला अन् त्यानं मल्लिनाथच्या खांद्यावर हेल्मेट टेकवलं.

"ताई, अडकलो."

"उमाशंकरभाऊंना म्हणा दगड लावा. येतोच आम्ही चहा घेऊन."

"लवकर या ताई. खरंच अडकलोय."

सुरज हसला वॉकीवर. "काका, मागच्या रविवारी पण खरंच वाघ दिसलाता तुमाला."

त्यावर सगळेच हसले. मल्लिनाथनं ब्रेक अजून दाबला. एवढंच म्हणायचं होतं, की गाडीत दुसरं कुणी न्हाय. म्हणलं की वाळवंट गेलं. न म्हणावं तर पाय जात होता. त्यानं बटण दाबलं, तोंड उघडलं, अन् बटण सोडलं.

मग वॉकीत खरखर झाली, अन् लांबनं, खोल विहिरीतनं यावा तसा एक आवाज आला.

"ताई, म्या महेबूब बोलतोय, येरमाळ्यावरनं. चहा ठिवा खाली. गाडीत कुणी न्हाय त्याच्या."

"म्हणजे? सकाळी मी बोलले त्यांच्याशी."

"त्यो किनरा आवाज त्येचाच हाय. त्या आवाजात मला लई बार फोन आल्यात, कधी तहसीलदार म्हणून, कधी बँक म्हणून. हसतंय तवर खोटं समजा. आता हसंना झालाय. पळा!"

वर दारं आपटली. मल्लिनाथला वळणावरनं धावत येणारे पाय दिसले. दगड लागले, दोर लागला. शिवकन्या खिडकीशी आली अन् म्हणाली, "काका, सोडा आता ब्रेक." तरी त्याला पाय सोडवेना. तिनं गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा सुटला.

मग सुरजनं दार उघडलं अन् उमाशंकर त्याच्या अंगावर पडला. मडकं फुटलं. पोरं हसून हसून लोळली, फोटो काढले, कडब्याला नमस्कार केला. मल्लिनाथही हसला. एरवी असला डाव जमला असता तर तो गावभर मिरवला असता.

शिवकन्या हसली न्हाय. "काका, माझ्याच गाडीत मागं बसा. वाळवंट बघायला मिळेल."

"मागं?"

"तुमच्या गाडीला न्हाय येता येणार."

"व्हय," मल्लिनाथ म्हणाला. "बघतो."

येरमाळ्यात सगळे धाब्यावर जेवायला वळले. मल्लिनाथ गॅरेजपाशी थांबला. महेबूब खुर्चीत, पट्टा तसाच, बाजूला स्टुलावर वॉकी. त्याची बॅटरी मल्लिनाथच्याच दुकानातली.

"आला व्हय गदा बघायला?" महेबूब म्हणाला.

मल्लिनाथ पायरीवर बसला. "तू रविवारी हे लावून बसतो?"

"न्हायतर काय करू? डोंगरावर आलास की ऐकू येतंय. उतरलास की बंद."

"मग बोलायचं होतं की यार."

"तू कुटं हाक मारलीस?"

अनिसानं चहा आणला. महेबूबनं जीपकडं हनुवटी केली. "जाकीट माजं हाय त्ये. कडबा झटकून दे."

त्यानं दिलं. महेबूबनं ते मांडीवर घेतलं, पण घातलं न्हाय. घालायला हात मागं जात नव्हते.

जानेवारीत गाड्या निघाल्या त्या येरमाळ्यावरनंच. मल्लिनाथ गेला न्हाय. मागं बसून वाळवंट बघायचं तर टीव्ही काय वाईट हाय, असं त्यानं बाजारात सांगितलं, अन् लोकांनी तेही खोटंच धरलं. तो अन् महेबूब गॅरेजच्या दारात बसले. गाड्या हॉर्न वाजवत गेल्या, शिवकन्यानं हात केला. वॉकी चालू होता.

"शेपूट, दिसताय का?"

"शेपूट हाय ताई," सुरज म्हणाला.

आवाज बारीक होत गेले. कुणीतरी डब्याचं काहीतरी बोललं. मग अर्धं वाक्य. मग नुसती खरखर.

"बंद कर," महेबूब म्हणाला. "बॅटरी जाती."

"माज्या दुकानातलीच हाय."

मग मल्लिनाथनं जीपमधला आपला वॉकी आणला, तोंडाजवळ धरला अन् बटण दाबलं. "शेपूट हाय."

स्टुलावरचा वॉकी कर्कश किंचाळला. महेबूबनं कानावर हात घेतले.

"अबे, शेजारी बसून कानात काय वरडतो!"

मल्लिनाथनं बटण सोडलं. पुन्हा खरखर सुरू झाली. हायवेवरनं एक उसाचा ट्रॅक्टर गेला, अन् त्याच्या मागं लांबपर्यंत कुणीच नव्हतं.