आहे तसंच घर

परवान्याचं सरकारी नाव चांगलं दोन ओळींचं होतं, पण बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी 'बसून खाण्याचा परवाना' म्हटलं आणि घरात तेच नाव रूढ झालं. ज्याला घरभाडं, पेन्शन, ठेवींचं व्याज असं उत्पन्न घरबसल्या मिळतं, त्यानं त्या देशात येऊन खुशाल राहावं, मात्र तिथे कुठलंही काम करू नये, अशी त्याची अट होती. जन्मभर राबलेल्या माणसाला सरकारनं आपण होऊन 'आता काही करू नका' म्हणावं, याची बाईंना मोठी गंमत वाटायची. त्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या. अर्ध्या गावाच्या छातीत डोकावून झालं होतं त्यांचं, आणि 'श्वास घ्या, रोखा, सोडा' हे शब्द झोपेतही त्यांच्या तोंडून निघतात अशी त्यांच्या यजमानांची तक्रार होती. यजमानांना बाई चारचौघांसारखं 'अहो' म्हणत आणि माघारी त्यांच्याविषयी बोलतानाही तोच शब्द वापरत, त्यामुळे शेजारपाजारी त्यांचं नावच 'अहो' पडलं होतं. अहो नकाशे काढण्याच्या कचेरीतून निवृत्त झाले ते दमा घेऊनच. त्यांच्या छातीचा शेवटचा फोटो बाईंनी स्वतः काढला, उजेडावर धरून बराच वेळ पाहिला, आणि कोरड्या हवेच्या त्या देशात जायला आढेवेढे न घेता होकार दिला.

उत्पन्न दाखवायचं तर राहतं घर भाड्यानं देणं भाग होतं. परवान्याची कामं करणाऱ्या एजंटानं भाडेकरूही आणून दिले. त्यांच्याच वयाचं, मूलबाळ नसलेलं, निवृत्त जोडपं होतं. बाईंनी एकच अट घातली की घर आहे तसंच ठेवायचं. खुर्ची हलवायची नाही, पडदा बदलायचा नाही, डबे त्याच फळीवर, चटई त्याच कोपऱ्यात. दोन वर्षांनी आपण परत येऊ तेव्हा अंधारातसुद्धा हात बरोबर बटणावर पडला पाहिजे, असं त्यांनी भाडेकरणीला बजावलं आणि अख्खी दुपार घरभर फिरून एकेक वस्तू दाखवली. भाडेकरीण शांतपणे मान डोलावत मागून फिरत होती. तिनं एकदाही उलट विचारलं नाही, याचं बाईंना फार बरं वाटलं. लेक मात्र नंतर म्हणाली, "आई, तू घर भाड्यानं दिलंस की दत्तक दिलंस?"

नव्या देशातलं घरही एजंटानंच बघून दिलं होतं. टेकडीवरचं शांत गाव, चौथा मजला, जुनं पण नेटकं सामान, भिंतीवर आकडे पुसट झालेला फोन. घरमालकीण एक विधवा बाई होती आणि तीही असाच कुठलासा परवाना घेऊन तिसऱ्याच देशात बसून खायला गेली होती. तिच्या करारातही घर आहे तसं ठेवण्याची अट होती. बाईंना ती वाचून हसूच आलं. आपल्यासारखीच खोड असलेलं कुणीतरी जगात आहे म्हणायचं, असं म्हणून त्यांनी पिशवीतून काढलेली आपली चादर परत पिशवीत ठेवली आणि घरमालकिणीचीच चादर पलंगावर घातली.

अहोंची छाती महिन्याभरात मोकळी झाली. ते बागेत जाऊन तिथल्या म्हाताऱ्यांबरोबर सोंगट्या खेळू लागले, चढावर न थांबता चालू लागले, आणि रात्री त्यांच्या श्वासाची शिट्टी ऐकू येईनाशी झाल्यावर बाईंनाच झोप लागेना. दिवस मात्र सरता सरत नसे. काम करायची बंदी, भाषा येत नाही, ओळख ना पाळख. लेकीचा फोन हाच काय तो विसावा होता. लेक त्यांच्याच शहरात राहायची. तिचा नवरा कामासाठी सतत फिरतीवर. आलेलं टपाल घ्यायला म्हणून ती दर रविवारी आपल्या जुन्या घरी जाई आणि तिथूनच फोन लावून आईला घर दाखवी. खुर्च्या जागच्या जागी, डबे जागच्या जागी. भाडेकरीणकाकूंचं कौतुक करताना लेक थकत नसे, आणि बाईही मान डोलावत. मग एका रविवारी लेकीनं गोड बातमी दिली. बाई रडल्या, हसल्या, आणि बाळंतपणाला मी येणारच, असं त्याच फोनवर सांगून मोकळ्या झाल्या.

त्याच फोनमध्ये, लेकीच्या मागे, भाडेकरीण ओट्यापाशी दूध गाळत होती. बाई सहज बघत होत्या आणि एकाएकी बघतच राहिल्या. ती श्वास रोखून दूध गाळत होती. पातेलं तिरपं केलं तसे तिचे खांदे थांबले, छाती थांबली, आणि शेवटचा थेंब पडल्यावरच तिनं श्वास सोडला. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं, पण बाईंचं आयुष्य माणसांच्या छात्या बघण्यात गेलं होतं. ती सवय त्यांची स्वतःची होती. ती त्यांनी भाडेकरणीला दाखवली नव्हती. दाखवणार कशी, कारण आपल्याला ती सवय आहे हेच बाईंना त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

अहोंना सांगितलं तर ते हसले. "चांगले भाडेकरू मिळाले म्हणून डोळ्यात पाणी आणणारी तू पहिलीच," म्हणाले आणि सोंगट्यांना निघून गेले. बाईंनीही मनाची समजूत घातली. पण त्यानंतर त्या लेकीकडे कमी आणि लेकीच्या मागे जास्त बघू लागल्या. मागे भाडेकरीण पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचायची, तो बाईंच्या पद्धतीनं. उठताना टेबलाला तळवा टेकवायची, तो बाईंच्या पद्धतीनं. लेकीला पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तेव्हा काकूंनीच आग्रह करून तिला जुन्या घरी राहायला आणलं. हॉस्पिटल तिथून जवळ, जावईबापू फिरतीवर, तिची स्वतःची खोली आयती तयार. नाही म्हणायला बाईंना एकही कारण सापडेना. माहेर ते माहेरच, असं लेक म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मग एकदा फोनवर लेक बोलता बोलता म्हणाली, "आईनं आज केसांना तेल लावून दिलं," आणि लगेच जीभ चावून, "काकूंनी, काकूंनी," म्हणाली. दोघी हसल्या. पुढच्या खेपेला ती तसंच म्हणाली, आणि या खेपेला तिनं जीभ चावली नाही. बाईंनी तो शब्द ऐकला आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारली. हळूहळू फोनच कमी झाले. लावला तर लेक झोपलेली असे, जेवत असे, फिरायला गेलेली असे. भाडेकरीण फोन घेई आणि सगळं व्यवस्थित आहे, तुम्ही काळजी करू नका, असं इतक्या मायेनं सांगे की बाईंना रागावताही येत नसे. बाई भीतीनं आतल्या आत पोखरून निघत होत्या आणि ती कुणाला सांगावी तर सांगण्यासारखं हातात काहीच नव्हतं.

त्यांना तडक जायचं होतं. पण परवान्याचं पहिल्या मुदतीचं कार्ड संपून दुसरं मिळेपर्यंत देश सोडला तर दोघांचीही सगळी फाइल बंद होते, असं एजंटानं सांगितलं. फाइल बंद म्हणजे अहोंनी पुन्हा आपल्या शहराच्या धुरळ्यात जाऊन श्वासासाठी तडफडायचं. एका बाजूला नवऱ्याची छाती आणि दुसऱ्या बाजूला लेकीचं बाळंतपण, अशा कात्रीत बाई सापडल्या आणि दुसरं कार्ड काही येईना.

याच दिवसांत घरमालकिणीची मुलगी यायला लागली. ती गावातच एका दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलाशी बसायची. आधी ती नळ गळतो का ते बघायला आली, मग आईचं टपाल न्यायला, मग नुसतीच. तिला मराठी येत असण्याचा प्रश्नच नव्हता आणि बाईंना तिच्या भाषेतले नमस्कार-चमत्कार तेवढे येत. पण ती स्वयंपाकघरात येऊन बसे, बाई तिच्यापुढे काहीतरी खायला ठेवत, आणि ती मान खाली घालून सगळं संपवी. खुणेनं आईबद्दल विचारलं की खांदे उडवी. आईचा फोन येतो का, तर आधी यायचा. बाईंचा जीव तिच्यासाठी तुटे. आपल्या लेकीच्या वाटचं जे काही साठून राहिलं होतं ते त्यांनी या परक्या पोरीला द्यायला सुरुवात केली, आणि ते देताना त्यांचं त्यांनाच बरं वाटू लागलं.

एका संध्याकाळी मुलगी दारातच थबकली. बाईंनी संत्रं सोललं होतं आणि त्याची साल, न तुटू देता एकसलग काढलेली, वासासाठी हीटरवर ठेवली होती. मुलीनं सालीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. बाईंना उमगलं ते असं की हे तुला कुणी शिकवलं. कुणी नाही, असं सांगायला त्या गेल्या आणि अडखळल्या, कारण खरंच कुणी शिकवलं नव्हतं आणि घरी असताना त्या संत्र्याची साल सरळ कचऱ्यात टाकत. मुलगी जवळ आली, ओणवी होऊन तिनं त्या सालीचा वास घेतला आणि कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली. त्या दिवसापासून तिनं दारावरची घंटा वाजवणं सोडलं. तिच्यापाशी किल्ली होतीच.

लेकीचे दिवस भरत आले तेव्हा बाईंनी निश्चय केला. अहोंना समोर बसवून त्या म्हणाल्या की फाइल बंद झाली तर होऊ दे, मी जाणार. अहोंनी स्वतःच माळ्यावरची बॅग काढून दिली आणि तिकीट काढायला खाली गेले. बाईंनी भराभर कपडे भरले, बाळाला विणलेलं टोपडं वर ठेवलं, आणि लेकीला फोन लावला. या खेपेला तिनंच उचलला. मागे कुणाच्या तरी बांगड्या वाजत होत्या. लेकीचा आवाज थकलेला पण सुखी होता.

"मी येतेय गं," बाई म्हणाल्या. "बॅग भरली. परवा मी तुझ्याजवळ असेन."

लेक अगदी अदबीनं, परक्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"काकू, तुम्ही कशाला एवढी धावपळ करता? आई आहे ना माझ्याजवळ."

बाईंनी तिला लाडाच्या नावानं हाक मारली. एकदा मारली, दोनदा मारली. पलीकडे फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला, कुणीतरी श्वास रोखला, आणि फोन बंद झाला. त्यानंतर बाईंनी कितीही वेळा लावला तरी तो कुणी उचलला नाही. त्या बॅगेशेजारी जमिनीवर बसून राहिल्या. कुठे जायचं होतं आणि कुणाकडे, हे त्यांना नीट आठवेना. रडू यावं म्हणून त्यांनी वाट पाहिली, पण तेही आलं नाही.

किल्ली फिरली आणि मुलगी आत आली. दवाखान्यातून थेट आली असावी, गळ्यात अजून नावाची पट्टी होती. तिची नजर आधी बॅगेवर गेली, मग बाईंवर, आणि तिचा चेहरा लहान पोरीसारखा पडला.

"पुन्हा चाललीस?" तिनं विचारलं.

बाईंना ते स्वच्छ कळलं. शब्द शोधावा लागला नाही की खुणेची वाट पाहावी लागली नाही. त्या उठल्या, उठताना टेबलाच्या कडेला नुसती बोटं लावून उठल्या, आणि कुठेही जात नाही म्हणाल्या. बॅग उघडून त्यांनी कपडे परत कपाटात लावले, टोपडं सगळ्यात खाली ठेवलं. मुलगी स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसली आणि तिनं आपल्या केसांची गाठ सोडली. अहो तिकीट न काढताच परत आले होते. खाली सोंगट्यांचा डाव लागला होता म्हणे. दारातून डोकावून त्यांनी ही जेवली का विचारलं आणि आतल्या खोलीत निघून गेले.

केस लांब होते, दाट होते, आणि मधे बरेच दिवस कुणी नीट विंचरलेले नव्हते. बाई खालपासून गुंता सोडवत वर येत होत्या. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. ते या घरात राहायला आल्यापासून तो एकदाही वाजला नव्हता. बाईंनी एक हात केसांत तसाच ठेवून दुसऱ्यानं फोन उचलला.

पलीकडे एक म्हातारी बाई होती. आवाज फार लांबून येत होता आणि घाबरलेला होता. ती म्हणत होती की ती आई बोलतेय, किती दिवस झाले मुलगी फोन घेत नाही, घेतला तर ओळख दाखवत नाही, ती तिथे आहे का, तिला फक्त एकदा बोलू द्या.

मुलीनं मान वळवून वर पाहिलं. "कोण आहे?"

"राँग नंबर," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.