गाढवाचं शेपूट

लेक आंघोळीला गेलेली पाहून आईने अर्धं ब्लेड उचललं आणि गाढवाच्या शेपटाचा पहिला टाका उसवला. मग दुसरा. टाके कसले, वाट चुकलेल्या मुंग्या नुसत्या! घरातच शिलाईचं दुकान आणि लेकीचा हा हात. तिसऱ्या टाक्याला ब्लेड टेकतंय तोच मानेवर पाणी ठिबकलं. ओल्या केसांनी लेक मागे उभी होती.

"ते माझं आहे."

"अगं, नीट करून देते. नाटकात सगळ्यांसमोर..."

"बाई म्हणाल्यात, ज्याचं त्यानं शिवायचं."

लेकीला सगळे बटण म्हणत. दीड वर्षाची असताना तिने शर्टाचं एक गिळलं होतं. ते दुसऱ्या दिवशी निघालं. आईचा घशाशी आलेला जीव मात्र आठ वर्षं झाली तरी पुरता खाली उतरला नव्हता.

बटणने मशीनशेजारी बसकण मारली आणि जीभ दातांत धरून शेपूट पुन्हा करड्या झग्याला जोडायला घेतलं. आईने बाही जोडता जोडता पाहिलं, पोरीने दोरा ओवला, पण टोकाला गाठ मारलीच नाही. सांगायला आईचं तोंड उघडलं.

काजं करायला येणाऱ्या मावशींनी चष्म्यावरून नजर टाकली.

"तू तुझं काम बघ. बाही उलटी लावतेयस."

खरंच उलटी लागली होती.

शाळेच्या सभागृहात आई तिसऱ्या रांगेत कडेला बसली. मुठीत सुई होती, ओवलेली, गाठ मारून तयार. गाढव रंगमंचावर आलं, पाठीवर उशा बांधलेल्या. दोन फेऱ्या निभावल्या. तिसरीला शेपूट गळून पडलं.

हशा पिकला. आई अर्धवट उठली.

"अहो बाई, बसा ना! दिसत नाही आम्हाला."

पुठ्ठ्याच्या लांब कानांखाली लेकीचे खरे कान लालबुंद झालेले तिला तिथूनही दिसले. गाढव थांबलं. वाकलं, शेपूट उचललं आणि व्यापारी झालेल्या मुलाच्या हातात कोंबलं.

"मालक, ओझं फार झालंय. निदान एवढं तरी तुम्ही धरा!"

आता पिकलेला हशा निराळा होता, टाळ्यांसकट. आपण कधी खाली बसलो ते आईला कळलंही नाही.

वरच्या वर्गांसाठी अर्ध्या तासाने पुन्हा प्रयोग होता. बटण धावत आली. चेहरा ओला होता. म्हणजे रडून झालं होतं आणि तोंड धुऊनही झालं होतं.

"आई, सुई आहे?"

आईने मूठ उघडली. टोकाची टपोरी गाठ क्षणभर न्याहाळली. मग दोरा सुईतून ओढून काढला, पर्समध्ये टाकला आणि नुसती सुई अन् रीळ लेकीच्या हातावर ठेवलं.

"ओवून नाही देत?"

"डोळे तुझे चांगले. माझे गेले आता."

तिसऱ्या खेपेला दोरा सुईच्या नाकातून गेला. बटणने टाका घातला, ओढला, आणि अख्खा दोरा सुईबरोबर बाहेर आला. तिने दोऱ्याच्या टोकाकडे पाहिलं. मग आईकडे. आई छताचा पंखा बघत होती.

"अगं, गाठच नाही मारली! सकाळीपण नव्हती मारली!" बटणने डोळे बारीक केले. "तुला माहीत होतं?"

"मला?" आई म्हणाली. "माझी तर आज बाहीसुद्धा उलटी लागली."