रश्वे आंटी

मित्रांनो, बर दुबईतल्या ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात कोपऱ्यात उभा असलेला पाण्याचा जुना डिस्पेन्सर तो मीच. माझा जन्म चीनमधल्या कारखान्यात झाला. मला दोन तोट्या आहेत. निळी गार पाण्याची, लाल गरम पाण्याची. केंद्राच्या माहितीपत्रकात माझा फोटो आहे, खाली लिहिले आहे 'सुविधा'.

नातीला सांभाळायला चीनहून आलेली एक आजी पहिल्या दिवशी थर्मास घेऊन आली. व्यवस्थापक विघ्नेशसाहेबांनी विचारले, "नेम?" तिने माझ्याकडे बोट दाखवले. "रश्वे." साहेबांनी रजिस्टरात तेच लिहिले. हुशार माणूस. भिंतीवर त्यांची तीन प्रमाणपत्रे लावलेली आहेत.

मग रोज सकाळी हाक यायची, "गुड मॉर्निंग, रश्वे आंटी!" आणि ती थर्मास घेऊन लगबगीने माझ्याकडे यायची. चिपळूणच्या सगुणाबाईही गरम पाणीच पीत. दोघी शेजारी बसून कपावर फुंकर घालत. बोलायला एक भाषा नव्हती, पण त्यांचे कधी अडले नाही.

एके दिवशी आजीला न्यायला नात आली. सगुणाबाईंनी तिला विचारले, "व्हॉट इज आजीज नेम?"

"शियुलान."

"अँड रश्वे?"

मुलगी हसत सुटली. "दॅट्स हॉट वॉटर!"

सगुणाबाई तडक साहेबांकडे गेल्या. "अरे विघ्नेश, वर्षभर तू तिला 'गरम पाणी आंटी' म्हणतोयस!"

"आंटी, सिस्टम में वही नाम है. अब खलास."

पुढच्याच महिन्यात एका बड्या पाहुण्याचे बोट भाजले आणि माझ्या लाल तोटीवर चिकटपट्टी बसली. हाक मात्र चालूच राहिली. "रश्वे आंटी!" शियुलान यायची, पट्टीकडे पाहायची, परत जायची.

"पट्टी काढ रे," सगुणाबाई रोज सांगत.

"इन्शाल्ला, आंटी."

शेवटी त्या घरूनच दोघींपुरते गरम पाणी आणू लागल्या.

मार्चमध्ये सगुणाबाई वारल्या. शियुलानला ते कुणीच सांगितले नाही. नातीला एक फोन करायचा होता, पण त्या दिवशी साहेबांचे फोटोसेशन होते. तीन दिवस ती दोन कप मांडून बसली. चौथ्या दिवशी हाक आली, "रश्वे आंटी, गुड मॉर्निंग!" ती उठून माझ्यापाशी आली. नखाने पट्टी खरवडू लागली. पट्टी निघाली नाही. तिने थर्मासचे झाकण लावले आणि ती निघून गेली. पुन्हा आली नाही.

यंदाच्या अहवालात छापले आहे : 'चिनी ज्येष्ठांना आपल्या सेवांमध्ये रस नाही.'

मित्रांनो, मला पुसा, माझी गाळणी बदला, असे मी म्हणत नाही. एवढेच करा. म्हातारे माणूस काही मागत असेल, तर ते त्याचे नाव म्हणून लिहून घेऊ नका.