गुरुजींच्या कंबरेवरच्या पट्ट्या

शहागडचे तातेराव गुरुजी रिटायर झाले आणि व्यसनमुक्तीच्या मागं लागले. हायवेच्या ढाब्यांवर जाऊन ते ट्रक ड्रायव्हरांना गाठायचे. बिचारे भाजी गार होईस्तोवर मान डोलवायचे.

घरात ऐकणारं माणूस एकच, बायको गिरिजाबाई. त्यांचा कॅन्सर हाडात उतरला होता. दुखणं थांबावं म्हणून डॉक्टरांनी अंगावर चिकटवायच्या पट्ट्या दिल्या होत्या, दर तिसऱ्या दिवशी एक. गुरुजींनी त्या कपाटात कुलपाआड ठेवल्या आणि पाचव्या दिवशी एक काढू लागले.

"अफूच्या जातीचं औषध हाये. सवय लागंल तुला."

"आता सवय लागून मी कुठं जानार हाये?" बाई म्हणायच्या.

एका सकाळी गुरुजींची कंबर धरली. कपाट उघडल्याचा आवाज आला, तेव्हा बाईंना वाटलं, आज यांना दया आली. पण गुरुजी पलीकडच्या खोलीत जाऊन पडले.

चारला चहासाठी हाका मारल्या, तर ओ न्हाई. भिंत धरत बाई आत गेल्या. गुरुजी कुशीवर पडून विचित्र घोरत होते, ओठ निळे. एक श्वास झाला की दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती. सदरा वर केला. कंबरेवर दोन पट्ट्या, त्यावर गरम पाण्याची पिशवी. बाईंनी पट्ट्या ओढून काढल्या आणि शेजारच्या कल्याणला रिक्षा काढायला लावली.

दवाखान्यात बाईंचं वाळलेलं अंग बघून अक्षता सिस्टरनं आधी त्यांनाच खाटेवर घेतलं.

"अगं मला न्हाई, यांना! माझ्या पट्ट्या लावल्यात यांनी!"

डॉक्टरांनी गुरुजींचे डोळे उघडले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सिस्टर तोंडावर रबरी फुगा दाबून श्वास देऊ लागली, डॉक्टरांनी अफूचा असर उतरवणाऱ्या नालोक्सोनची कुपी फोडली. अफू घेणाऱ्या ड्रायव्हरांपैकी कुणाला लागलंच तर म्हणून दवाखान्यात आणलेली. उद्घाटन गुरुजींच्या हातून झालं.

थोड्या वेळानं गुरुजींनी खोल श्वास घेतला आणि डोळे वटारले. "कोनी उठवलं मला? आत्ता कुठं कंबर हलकी झाल्ती!"

"गुरुजी, शेकानं पट्टीचं औषध भराभर अंगात भिनलं, श्वास बंद पडून राह्यला होता तुमचा," सिस्टर म्हणाली. "या इंजेक्शनचा असर लवकर उतरतो, पट्टीचा न्हाई. जालन्याला न्यावं लागंल."

वाटेत अंबडजवळ तसंच झालं. अँब्युलन्समध्ये श्वास पुन्हा मंदावला, सिस्टरनं दुसरं इंजेक्शन दिलं. गुरुजी पुन्हा जागे झाले, कंबर धरून कण्हले. शेजारी बाई दांडा घट्ट धरून बसल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याला त्यांचा चेहरा पिळवटत होता.

"एवढ्या दुखण्यात तुला झोप कशी लागती गं?"

"मी कवा झोपते? डोळे मिटून पडते. तुमाला बरं वाटतं."

गुरुजी सिस्टरला म्हणाले, "ताई, हिला परवाच पट्टी लावायला पायजे होती. मी लावली न्हाई."

जालन्याच्या डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? गुरुजींनी आधी बायकोला पुढं केलं.