एकाच बटणावरचे ल आणि ळ

मित्रांनो, आधी तक्रार सांगतो, मग ओळख. हे केशवराव एवढे शिकलेसवरलेले, पण शोधायच्या चौकटीत अख्खा अर्ज लिहितात: ‘माझे वडील कै. नीळकंठ काळे यांचा सेवा क्रमांक कृपया द्यावा.’ अहो, आत कोणी साहेब बसलाय का?

मी भोपाळमधल्या एका कारखान्याच्या टाउनशिपचा, तिथल्या वाचनालयातला जुना की-बोर्ड. नवा आलो तेव्हा माझ्यावर देवनागरी अक्षरं चिकटवली. ल आणि ळ एकाच बटणावर. ळ हवा तर शिफ्ट दाबावं लागतं. पोरांचे निकाल, बायकांचे अर्ज, सगळं माझ्यावरून गेलं. अक्षरं पुसट झाली, तरी कुणी मला भंगारात दिलं नाही. हे उपकारच म्हणायचे.

त्या दिवशी केशवरावांबरोबर त्यांची आई आली, इंदुमतीबाई. शाळा तिसरीपर्यंत, जीभ मात्र धारदार. सोमवारी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. कारखान्याच्या दवाखान्याला नवं कार्ड हवं होतं आणि कार्डाला नवऱ्याचा सेवा क्रमांक. घरचे कागद वाळवीनं खाल्लेले. कारखान्याच्या जुन्या नोंदी ऑनलाइन होत्या, तेवढीच आशा.

अर्जाला उत्तर आलं, ‘नोंद नाही’. मग केशवरावांनी नुसतं ‘नीळकंठ काळे’ लिहिलं. पुन्हा तेच.

“आई, बाबांचं नावच नाहीये.”

“एकतीस वर्षं भट्टीपुढे भाजून निघाला तो माणूस, आणि नाव नाही? अरे, तिथे त्यांना नीळकंठ म्हणायचं कोण? तिवारीजी काय, यादवजी काय, सगळ्यांचे ते नीलकंठजी! त्यांच्या जिभेवर ळ येतो का? ज्यानं नोंद लिहिली, त्याच्या तोंडानं विचार. एकच शब्द लिही.”

ल दाबला गेला. चौदा नीलकंठ हजर!

“यातले आपले कोणते?” केशवराव गोंधळले.

“पुढे ‘ढलाई’ लिही. ओतकाम-बितकाम नको, तिथे ढलाईच म्हणायचे.”

एकच ओळ उरली. ‘नीलकंठ काले, ढलाई विभाग’, आणि पुढे क्रमांक. केशवरावांनी तो मोठ्यानं वाचला. बाईंनी पदर डोळ्यांना लावला, मग त्याच पदरानं माझं एकेक बटण हलकेच पुसलं. इतक्या वर्षांत मला असं कुणी पुसलं नव्हतं. मित्रांनो, तुमच्या हाताखालच्या वस्तूंनाही कधी असा हात लावा.

मग त्या लेकाकडे वळल्या.

“केशव, बाबांचं नाव तुला शुद्ध लिहिता येतं. पण त्यांना कामावर काय हाक मारायचे, ते विचारायला तुला कधी फुरसत झाली नाही.”